सोसतं का?

मेडिकलच्या दुकानात काही वस्तू उर्दू पेपरात गुंडाळून, दोरा बांधून, तोंड दुसरीकडं करून देतात ना, त्या वस्तूंचं माझं काम होतं. हसा, हसा. आमचे हे पण हसले होते. म्हणाले, "सातवी पास बाई, आणि काम बघा कसलं धरलं!" पण उंबऱ्याबाहेर पडून मी केलेलं ते पहिलंच काम. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आजवर घराबाहेर कुणाला धड सांगितली नाही. आता वय झालं, लिहून टाकते.

बाजार नुकता उघडला होता ते दिवस. गौलीगुड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे किराणा दुकान होतं, त्यात दर आठवड्याला नवा साबण यायचा. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायच्या. छतांवरून केबलच्या काळ्या वायरी गेल्या. आणि कंपन्यांना एकदम लोकांचं मत पाहिजे झालं. आजवर कुणी आम्हाला विचारलं नव्हतं की बाई, ही साखर कशी वाटली. आता दारात येऊन विचारायला लागले. तशी एक सर्वे करणारी कंपनी हैदराबादेत आली. शेजारच्या बाईनं सांगितलं, मराठी, तेलुगू, उर्दू येणाऱ्या बायका पाहिजेत, म्हणून मी गेले. आमचं मूळ नांदेडकडचं, शेतीवाडीवालं घर. निजामाच्या राज्यात सासरे नोकरीला इथं आले आणि आम्ही इथलेच झालो. मराठी घरची, उर्दू गल्लीची, तेलुगू भाजीवालीची. तिन्ही तोडक्यामोडक्या, पण तिन्ही बोलता येतात.

आमचे साहेब तेलुगू होते, माझ्या भाच्याच्या वयाचे. मला "अम्मा" म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर पांढरी पाकिटं ठेवली. कंपनीचं नाव नाही, चित्र नाही, नुसता नंबर. नजर पंख्याकडं लावून म्हणाले, "अम्मा, ये अडल्ट प्रॉडक्ट है." म्हणजे मोठ्या माणसांच्या वस्तू, नवराबायकोच्या. त्यात पुरुषांची वस्तू होती, एक मलम होतं आणि बायकांनी आत ठेवायची एक गोळी होती, मूल राहू नये म्हणून. मी म्हटलं, "साहेब, माझी दोन लेकरं पाळण्यातून आली नाहीत. सांगा काय करायचं ते." बिचारे इतके लाजले!

काम असं की दहा-बारा घरांत पाकीट द्यायचं, महिन्यानं जाऊन कागद भरून आणायचा. कागदावर पाच पायऱ्या होत्या. अत्यंत समाधानकारक, समाधानकारक, मध्यम, असमाधानकारक, अत्यंत असमाधानकारक. मराठी मुंबईहून करून आलेलं. एका बाईला मी ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे काय, निवडणुकीचं हाय का?"

मग साहेबांनी तोंडांची चित्रं काढलेला कागद आणला. हसरं तोंड, सरळ तोंड, रडकं तोंड, जे वाटेल त्यावर बोट ठेवायचं. सगळ्या बायकांनी हसऱ्यावर बोट ठेवलं. एक म्हातारी तर म्हणाली, "रडकं तोंड कशाला काढून आणलं गं घरात, सणासुदीचं?" मग दहापैकी मार्क. तर अर्ध्या बायका दहा द्यायच्या, कारण फुकट आलेल्या वस्तूला नाव ठेवू नये. बाकीच्या चार द्यायच्या. मी म्हणायचे, अहो, आवडलं म्हणता आणि चार? त्या म्हणायच्या, "मग? पस्तीस टक्क्याला पास. हे तर पास झालं ना!"

साहेब डोकं धरून बसले. "अम्मा, फेअर होना, क्लियर होना. एका बाईचं 'चांगलं' आणि दुसरीचं 'चांगलं' एकच पाहिजे. नाहीतर कागदाचा काय उपयोग?"

आणि तिथं मी शहाणपणा केला.

मी म्हटलं, "साहेब, आमच्या बायका मार्क देत नाहीत. आमच्यात वस्तूचं एकच विचारतात, सोसतं का? एखादीला दूध सोसत नाही, एखादीला वांगं सोसत नाही. त्यात चांगलं-वाईट काही नाही, लाज नाही, कुणाचा अपमान नाही. अंगाला मानवलं तर सोसतं, नाही मानवलं तर सोसत नाही. तीनच खाने ठेवा. सोसतं, थोडं सोसतं, सोसत नाही."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि टेबलावर थाप मारली. तेलुगूत पण असंच म्हणतात म्हणाले, दूध "पडदु", म्हणजे मानवत नाही. उर्दूतही बसेल असा शब्द शोधला. पंधरा दिवसांत तिन्ही भाषांचे कागद छापून आले. मी हातानं लिहून दिलं होतं "सोसतं", आपण बोलतो तसं, डोक्यावर टिंब देऊन. छापून आलं "सोसते". "सदर उत्पादन सोसते काय?" पुस्तकी मराठीत असंच लिहितात. ते सोसते, ते चालते. मला तर बरं वाटलं. सातवीच्या बाईचा शब्द, कुणी शिकलेल्यानं शुद्ध करून छापला. घरी आणून ह्यांना दाखवला. दोनदा वाचून दाखवला.

आता माझ्या जावेचं सांगते. धाकट्या दिरांची बायको. आमच्याच घरात मागच्या दोन खोल्यांत राहायचे ते. वयानं माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, मला "अक्का" म्हणायची. नकला फार छान करायची. पाणी सोडणारा, पोस्टमन, आमच्या चुलतसासूबाई. स्वयंपाकघरात हसून हसून माझ्या पोळ्या जळायच्या. पण लहानपणी सांधे सुजून मोठा ताप आला होता तिला, त्यात काळजाची झडप बिघडली होती. दोन मुली झाल्या. दुसरीच्या वेळी इतका दम लागला की डॉक्टरीणबाईंनी दिरांना बाहेर बोलावून सांगितलं, आता तिसरं नको. म्हणजे नकोच. ही राहणार नाही.

सांगणं सोपं हो. ऑपरेशनची भूल तिच्या काळजाला झेपेल याची खात्री नव्हती. रोजची गोळी तिला चालत नव्हती, तांबीही डॉक्टरीणबाईंनी नको म्हटली. दीर स्वतःच्या ऑपरेशनचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे, आणि पुरुषांच्या वस्तूचं तर विचारूच नका. वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. मग राहिलं काय? माझ्या पिशवीतलं ते पांढरं पाकीट. मला वाटलं देवच पावला. माझा मराठी कागद पण भरेल आणि तिचाही प्रश्न सुटेल. मीच दिलं तिला. कसं ठेवायचं, किती वेळ आधी, सगळं मीच समजावलं. ती पदर तोंडात धरून हसत होती. "अक्का, तुमच्या कंपनीत हे शिकवायला मास्तर ठेवलाय का मास्तरीण?"

महिन्यानं मी कागद घेऊन बसले. दुपारची वेळ, ती अंबाडी निवडत होती.

"वापरल्या का गं?"

"हौ."

"प्रत्येक वेळी?"

"हौ अक्का, प्रत्येक वेळी. आता तारखा पण सांगू का?"

"सोसतं का?"

तिनं एक देठ मोडला, टोपलीत टाकला. "सोसते."

"नक्की ना?"

"सोसते म्हटलं ना. वकिलासारखं काय उलटं विचारता? लिहा आणि चहा ठेवा, तुमची पाळी आहे."

मी कागदावर बघितलं. पहिलाच खाना. सोसते. ती जे बोलली तेच अक्षर न अक्षर तिथं छापलेलं होतं. मी खूण केली आणि चहा ठेवला.

महिना-दीड महिन्यानं साहेबांनी मला बोलावलं. समोर कागदांचे गठ्ठे. म्हणाले, "अम्मा, ये क्या जादू है? तारनाक्याच्या, विद्यानगरच्या तेलुगू बायकांपैकी कितीतरी जणींनी लिहिलंय, पडदु, जळतं. उर्दूवाल्यांनी पण. तुमच्या मराठी बायका सगळ्या पहिल्या खान्यात. एक पण तक्रार नाही. आप के लेडीज लोहे के हैं क्या?"

मी हसले. हसलेच नाही, मला गर्व वाटला. त्या रात्री जेवायला वाढताना सगळ्यांना सांगितलं, आपल्या बायका लोखंडाच्या आहेत म्हणे. हे हसले, दीर हसले. जाऊ ताक ढवळत होती, ती पण हसली. मग मीठ आणते म्हणून आत गेली. मीठ समोरच होतं. ते मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

तेलुगू बायकांच्या तक्रारी वर गेल्या, त्या नंबरची पाकिटं थांबली, दुसऱ्या नंबरची यायला लागली. मी जावेला विचारलं, नवीन देऊ का? ती म्हणाली, "आहेत अजून, अक्का." मी विश्वास ठेवला. मला काय, कागद भरला होता.

पाचवा महिना लागेपर्यंत तिनं कळू दिलं नाही. आधी आम्लपित्त म्हणाली, मग अशक्तपणा म्हणाली. एक दिवस वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि जिन्यातच बसली, ओठ निळे. मी धरायला गेले आणि माझा हात तिच्या पोटाला लागला. बाईला कळतंच ना. मी तिथंच जिन्यात तिच्या शेजारी बसले.

"गोळ्या होत्या ना गं तुझ्याकडं?"

बराच वेळ दम खाऊन ती म्हणाली, "जळायचं, अक्का. चुनकळी आत ठेवल्यावानी. दुसऱ्या दिवशी बसवत पण नव्हतं. तीन-चार महिने काढले तशी. मग नाही झालं. ह्यांना म्हटलं, आहेत, ठेवल्या."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस? मी कागद घेऊन तुझ्यापुढं बसले होते!"

तिनं माझ्याकडं इतक्या नवलानं बघितलं. रागानं नाही, नवलानं. "सांगितलं की. तुम्ही विचारलं सोसतं का. मी म्हटलं, सोसते."

बघा तुम्हीच. मी विचारलं त्या गोळीचं, आणि ती बोलली स्वतःचं. ते सोसते आणि मी सोसते. एकाच काना-मात्रेचं. मी टिंब देऊन लिहिलं होतं तेव्हा तरी दोन शब्द वेगळे होते, बोलताना तरी वेगळे होते. छापताना शुद्ध केलं आणि एक झाले. आणि खरं सांगू, छापखान्याला कशाला बोल लावायचा? माझ्या कानावर ती "सोसते" म्हणाली होती, "सोसतं" नाही. सख्ख्या मराठी बाईच्या कानाला हा फरक कळू नये? कळला असता. मी कागदाकडं बघत होते, तिच्याकडं नाही.

डॉक्टरीणबाई खूप बोलल्या. म्हणाल्या, आता काढणं जास्त धोक्याचं, ठेवणंही धोक्याचं. पलंगावरून उठायचं नाही, मीठ बंद. मी सगळं केलं. तिच्या मुलींच्या वेण्या, डबे, तिचं अंग पुसणं. ती पडल्यापडल्या डॉक्टरीणबाईंची नक्कल करायची, अर्ध्यात दम लागायचा तर हातानं खूण करायची की पुढचं तुम्हीच समजून घ्या. सातव्या महिन्यात एका सकाळी तिच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात नेईपर्यंत होती. मुलगा होता म्हणे पोटात. मी कुणाला विचारलं नव्हतं, नर्सनं उगाच सांगितलं.

तेराव्यानंतर दीर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत नाही आले. "वहिनी, तुमच्याजवळ काही बोलली होती का ती?"

मी सगळं सांगितलं. कागद, खाना, जिना, सगळं. ते चौकटीवरचा रंग नखानं काढत ऐकत होते. मला वाटलं आता मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"मला ठेवल्यात म्हणाली," ते म्हणाले. "मी काय कपाट उघडून बघितलं? नाही. मला ते बघायचीच लाज वाटली, वहिनी."

मग मुली शाळेतून आल्या आणि मी त्यांना खायला वाढायला घेतलं.

मी काम सोडणार होते. हे पण म्हणाले, सोड. पण माझ्या डोक्यातून तो कागद जाईना. भाजी चिरताना, दळण आणताना, माझ्या डोक्यात एकच, कसं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं? शेवटी थोरल्या पुतणीच्या वहीतली मागची पानं फाडून लिहायला बसले. पहिलं, एका प्रश्नात एकच गोष्ट. गोळीचं वेगळं, बाईच्या अंगाचं वेगळं, नवऱ्याचं वेगळं. नाहीतर बायका "आम्हाला आवडलं" म्हणतात आणि त्यातलं "आम्ही" म्हणजे घरातला पुरुष. दुसरं, चांगलं की वाईट विचारायचंच नाही. जळलं का, खाजलं का, किती वेळ, दुसऱ्या दिवशी कामाला बसता आलं का, असं विचारायचं. वेळ मोजता येते, त्यात माझं "फार" आणि तुझं "थोडं" येत नाही. तिसरं, "नाही" चा खाना सगळ्यात आधी छापायचा, म्हणजे नाही म्हणायला बाईला कागदाच्या शेवटापर्यंत जावं लागणार नाही. चौथं, कुणी दिलं नसतं, कुणी सांगितलं नसतं, तर आपल्या मनानं पुन्हा घेतलं असतं का? आणि शेवटची दोन आमच्यासाठी, भरणाऱ्या बायकांसाठी. बाई जे बोलली ते तिच्या शब्दात आधी लिहायचं, खूण मागून करायची. जवळच्या नात्यातल्या बाईचा कागद भरायचा नाही. नात्यातली बाई आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलते.

साहेबांनी वाचलं. मग चष्मा काढून बसले, कारण जाऊ गेल्याचं त्यांना माहीत होतं, आता का गेली तेही कळलं. म्हणाले, "अम्मा, इतना बड़ा फॉर्म ऊपर से पास नै होता. ये सर्वे है, दवाखाना नै." मी म्हटलं, "दवाखान्यातही कुणी इतकं विचारत नाही, साहेब."  सहातले चार मुद्दे त्यांनी ठेवले. एवढे तरी ठेवले. नात्यातल्या बाईचा मुद्दा गेला, "आपल्या मनानं" गेला. "नाही" आधी छापायला मात्र ते भांडले म्हणे वरच्यांशी.

नवीन कागद घेऊन पहिल्यांदा निघाले ती तारनाक्याला. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक मराठी बाई होती, परभणीकडची, नवरा रेल्वेत, स्वतः दवाखान्यात आया म्हणून कामाला. तिला वाचता येत होतं. माझ्या हातातला कागद तिनं काढूनच घेतला.

"जळलं का? हौ, जळलं. लिहा."

"किती वेळ?"

"भात शिजून उतरेपर्यंत म्हणा. अर्धा तास. लिहिलं का? दाखवा." मी दाखवलं. "ह्यात आग म्हणून लिहा. जळजळ नाही, आग. आणि आमच्या मालकांनी मारे बरं आहे म्हटलं, ते त्यांच्या खान्यात लिहा, माझ्या नाही."

मी लिहीत होते. तिनं सांगितलं तसं, एकेक अक्षर. आणि लिहितालिहिता मला अक्षर दिसेना. डोळे पुसायला पदर घेतला तर पेन कागदावर ओढला गेला. मी म्हटलं, माफ करा बाई, दुसरा कागद घेते. ती उठून आत गेली, तांब्या घेऊन आली, माझ्यापुढं ठेवून समोर बसली.

"बाई, तुमच्या घरात कुणी गेलं का?"

"हौ," मी म्हटलं. "जाऊ. धाकटी."

"अरे रे. लहान होती? काय झालं होतं?"

तिची मुलगी दारातून बघत होती. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. मी तांब्या उचलला, पाणी प्याले, तोंड पुसलं.

"हृदयाचं होतं," मी तेवढंच म्हटलं.